मनालीच्या बर्फात थार घसरते, मग आल्प्सच्या बर्फात स्पोर्ट्स कार कशी चालते?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की इन्स्टाग्रामवर दोन प्रकारचे रील्स हमखास फिरायला लागतात.

पहिला असतो मनालीचा. सोलंगच्या पुढच्या उतारावर एखादी थार किंवा फॉर्च्युनर ब्रेक दाबलेला असतानाही आडवी होते आणि अगदी सावकाश, माणूस चालतो त्या वेगाने, खाली सरकत जाते. ड्रायव्हर दार उघडून बाहेर उडी टाकतो. बाजूची माणसं नुसती ओरडत राहतात, कारण दोन टनांच्या गाडीला हाताने अडवणार कोण?

दुसरा असतो आल्प्सचा. रस्ता पांढराशुभ्र, दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, आणि छतावर स्की बांधलेली एक बुटकी पोर्शे ९११ त्या वळणांवरून आरामात चढून जाते. जणू पुण्याहून लोणावळ्याला चाललीय.

दोन्ही व्हिडिओंखाली कमेंट्स ठरलेल्या. पहिल्याखाली "गाडी चालवता येत नाही तर जातात कशाला" आणि दुसऱ्याखाली "याला म्हणतात इंजिनिअरिंग". पण खरं उत्तर गाडीच्या किमतीत नाही आणि बऱ्याच अंशी ड्रायव्हरच्या हातातही नाही. ते आहे गाडी आणि रस्ता यांच्यामधल्या तळहाताएवढ्या चार ठिकाणांत. म्हणजे टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे.

हा विषय नुसत्या कुतूहलाचाही नाही. दरवर्षी नाताळ आणि थर्टी फर्स्टच्या सुट्टीत मुंबई, पुणे, नाशिककडची मंडळी जवळपास दोन हजार किलोमीटर गाडी हाणत मनालीला जातात. त्यात आता स्पोर्ट्स कारवालेही दिसू लागलेत. महाराष्ट्रात बर्फाचा अनुभव म्हणजे महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवर पहाटे गोठलेलं दव, ज्याची दरवर्षी बातमी होते. ताम्हिणीच्या पावसात हात बसलेल्या ड्रायव्हरला बर्फ ही पूर्णपणे नवी गोष्ट असते.

आधी थोडं गणित, पण कामाचं

गाडी थांबते ती टायर आणि रस्त्यातल्या घर्षणामुळे. कोरड्या डांबरावर हे घर्षण चांगलं असतं, साधारण ०.८ धरा. गाड्यांनी दाबून घट्ट झालेल्या बर्फावर ते ०.२ ते ०.३ वर येतं. आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर ०.१ च्या आसपास.

आता ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी घ्या. सपाट, कोरड्या रस्त्यावर पूर्ण ब्रेक दाबल्यावर ती साधारण ८ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर तीच गाडी २५ मीटर घेते. गोठलेल्या थरावर ६० मीटरहून जास्त. यात ड्रायव्हरला "अरे!" म्हणायला लागणारा एक सेकंद धरलेला नाही, त्यात आणखी ११ मीटर जातात.

हे झालं सपाटीचं. घाटात आणखी एक भानगड आहे. समजा रस्ता दर १० मीटरला १ मीटर उतरतोय. असा उतार घाटात काही दुर्मीळ नाही. अशा उतारावर गाडीला खाली ओढणारी ताकद आणि गोठलेल्या थरावर टायरला मिळणारी पकड जवळपास सारखी होते. म्हणजे ब्रेक मारून उपयोग शून्य. चारही चाकं जाम आहेत, इंजिन बंद आहे, हँडब्रेक ओढलाय आणि तरी गाडी चाललीय. रीलमध्ये जे दिसतं ते हेच. तिथे ड्रायव्हरचं चुकतं ते शेवटच्या दहा सेकंदांत नव्हे, त्या उतारावर गाडी घालायचं ठरवलं तेव्हा.

आणि एक गंमत. बर्फ जितका जास्त थंड, तितका तो कमी निसरडा. उणे १५ अंशातला कोरडा, कडक बर्फ बरी पकड देतो. सर्वांत वाईट असतं ते शून्याच्या आसपासचं तापमान, जेव्हा बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो. मनालीत हिवाळ्यात पारा शून्याच्या वर-खाली होत राहतो. दुपारच्या उन्हात वितळतं, चार-पाच वाजता सूर्य डोंगराआड गेला की गोठतं, त्यावरून शेकडो गाड्या जाऊन त्याला पॉलिश करतात. त्यामुळे उणे १२ अंशातला आल्प्समधला रस्ता फोटोत भयंकर दिसत असला, तरी तो मनालीच्या शून्य अंशातल्या ओल्या, चकचकीत रस्त्यापेक्षा सोपा असू शकतो.

फोर बाय फोर आहे ना, मग काय?

हा सर्वांत मोठा आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज.

फोर बाय फोर म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना जाते. त्याने गाडी बर्फातून निघते, चढ चढते, रुतली तर बाहेर येते. पण ब्रेक? ब्रेक तर अल्टोलाही चारही चाकांना असतात. थांबण्याच्या बाबतीत फोर बाय फोरचा काडीचा फायदा नाही. उलट थार किंवा फॉर्च्युनरचं वजन जास्त, त्यामुळे एकदा सरकायला लागली की जाऊन आदळते तीही जोरात. आणि जिथे साधी गाडी चढलीच नसती, त्या उतारापर्यंत ही गाडी चढून गेलेली असते. अडचण परत खाली येताना कळते.

त्यातही एक बारकावा आहे. प्रत्येक थार फोर बाय फोर नसते. महिंद्राने जानेवारी २०२३ मध्ये फक्त मागच्या चाकांना ताकद देणारी थार बाजारात आणली. ती स्वस्त आहे, शहरात छान आहे, दिसायला जवळपास तशीच आहे. भाड्याने थार घेऊन बर्फात निघालेल्या कितीतरी जणांना आपल्या हातात कोणती थार आहे हेच माहीत नसतं. गिअर लिव्हरशेजारी फोर बाय फोरचा दुसरा छोटा दांडा आहे का, एवढं पाहिलं तरी उलगडा होतो. आणि तो दांडा असला तरी तो टाकावा लागतो. नाहीतर ती थारही मागच्या दोन चाकांवरच चाललेली असते.

यात थारचा दोष काही नाही. २२६ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स असलेली, दणकट गाडी आहे ती. पण तिच्या पायात जे बूट आहेत ते बर्फाचे नाहीत.

खरा हिरो: रबर

भारतात विकल्या जाणाऱ्या जवळपास सगळ्या गाड्यांचे टायर गरम हवेसाठी बनवलेले असतात, आणि ते बरोबरच आहे. नागपूरच्या मे महिन्यात डांबर तापून मऊ होतं, तिथे मऊ रबर टिकणार नाही. पण तापमान साधारण ७ अंशांच्या खाली गेलं की हेच रबर कडक होत जातं. खोडरबर फ्रीजरमध्ये ठेवून पाहा, कल्पना येईल. कडक रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत पृष्ठभागाला धरत नाही, त्यावरून नुसतं सरकतं.

स्पोर्ट्स कारचं दुखणं इथे आणखी मोठं. तिला कारखान्यातून येतात ते हाय परफॉर्मन्स समर टायर. रुंद, गुळगुळीत, कमी खाचांचे. ट्रॅकवर गरम झाले की डिंकासारखे चिकटतात. थंडीत मात्र प्लास्टिकसारखे होतात. अतिथंडीत अशा टायरच्या रबराला तडे जाऊ शकतात, असा इशारा टायर कंपन्या स्वतः देतात. म्हणजे पाच-सहाशे हॉर्सपॉवरची गाडी, आणि ती उभी आहे चार प्लास्टिकच्या चाकांवर.

विंटर टायर वेगळा असतो. त्याचं रबर थंडीतही मऊ राहतं. खाचा खोल असतात, आणि प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात. चाक फिरताना या चिरा उघडतात, त्यात बर्फ घट्ट भरतो. हा भरलेला बर्फ फायद्याचा असतो, कारण बर्फ रबरापेक्षा बर्फालाच चांगला चिकटतो. स्नोबॉल बनवताना हेच होतं.

खरा विंटर टायर ओळखायचा कसा? टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाचा स्फटिक, असं चिन्ह असतं. बर्फावरची पकड तपासल्याशिवाय ते मिळत नाही. नुसतं एम प्लस एस लिहिलेलं असेल तर तो कंपनीचा स्वतःचा दावा आहे, त्यासाठी बर्फावर चाचणी झालेली असायलाच हवी असं नाही. थारवाल्यांचे लाडके जाडजूड ऑल टेरेन टायर दिसायला दमदार असतात, चिखलात कामाचेही असतात. पण त्यातले बरेच गोठलेल्या थरावर साध्या टायरइतकेच हतबल असतात.

तर आल्प्समधली ती पोर्शे चढते यामागचं पहिलं कारण हे. तिच्या मालकाने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच समर टायर काढून ठेवलेत आणि विंटर टायर चढवलेत. तिकडे हे इतकं रोजचं आहे की टायर बदलून जुना सेट पुढच्या मोसमापर्यंत सांभाळून ठेवणं हा गॅरेजवाल्यांचा नियमित धंदा आहे.

तो बदलतो, कारण कायदा आहे

ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा गोठलेला थर असेल तर विंटर टायर सक्तीचे आहेत आणि त्यांच्या खाचा किमान ४ मिलिमीटर खोल लागतात. फ्रान्समध्ये २०२१ पासून डोंगराळ भागांतल्या ठरावीक गावांत १ नोव्हेंबर ते ३१ मार्चदरम्यान विंटर टायर किंवा गाडीत चेन असावीच लागते. इटलीत पाटी लावलेल्या रस्त्यांवर साधारण १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल असाच नियम. जर्मनीत तारीख नाही, रस्त्याची अवस्था बघतात. पण ऑक्टोबर २०२४ पासून तिथे फक्त ते डोंगर-स्फटिकाचं चिन्ह असलेलेच टायर विंटर टायर म्हणून धरले जातात.

आणि जे रस्ते झेपणारे नाहीत, ते सरळ बंद केले जातात. इटलीतला २,७५७ मीटर उंचीचा स्टेल्व्हिओ घाट, ऑस्ट्रियाचा ग्रोसग्लॉकनर, स्वित्झर्लंडचा फुर्का, ज्यांचे फोटो स्पोर्ट्स कारच्या प्रत्येक जाहिरातीत असतात, ते सगळे हिवाळ्यात कुलूपबंद असतात. 'गोल्डफिंगर'मध्ये जेम्स बाँड ज्या फुर्का घाटात अॅस्टन मार्टिन पळवतो, तिथलं शूटिंग १९६४ च्या उन्हाळ्यातलं आहे. हिवाळ्यात तिथे बाँड काय, कोणीच जाऊ शकत नाही. सेंट मॉरिट्झला जाणारे ज्युलिअर, बर्निना असे मोजके घाट मात्र वर्षभर उघडे ठेवतात. त्यावर रात्रंदिवस बर्फ काढणारी यंत्रं आणि मीठ टाकणाऱ्या गाड्या फिरत असतात.

मीठ का? मिठाचं पाणी शून्याला गोठत नाही, त्याहून खाली जाऊन गोठतं. त्यामुळे बर्फाचा थर धरतच नाही. उणे ९-१० च्या खाली मात्र मीठही फारसं चालत नाही, मग खडी-वाळू टाकतात. हेच मीठ गाडीचा पत्रा खातं, म्हणून तिकडचे हौशी लोक आपली जुनी फेरारी हिवाळ्यात बाहेरच काढत नाहीत.

म्हणजे रीलमधल्या त्या एका पोर्शेच्या मागे टायरचा कायदा, बंद केलेले घाट, नगरपालिकेची बर्फ काढणारी यंत्रणा आणि लहानपणापासून बर्फ बघितलेला ड्रायव्हर, एवढा लवाजमा असतो. कॅमेऱ्यात यातलं काहीच येत नाही.

बुटक्या गाड्यांचा बर्फातला इतिहास मात्र जबरदस्त आहे

स्पोर्ट्स कार आणि बर्फ यांचं नातं जुनं आहे. दर जानेवारीत होणारी मॉन्टे कार्लो रॅली आल्प्सच्या घाटांमधून जाते. १९६८, १९६९ आणि १९७० अशी सलग तीन वर्षं ती पोर्शे ९११ ने जिंकली. त्याआधी १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये मिनी कूपरने. १९६६ ला मिनीच पुढे होत्या, पण हेडलाइटच्या नियमावरून त्यांना बाद केलं, आणि तो वाद रॅलीच्या चाहत्यांमध्ये अजून मिटलेला नाही.

या दोन गाड्यांत एक साम्य आहे. ज्या चाकांना ताकद मिळते, त्यांच्यावरच इंजिनचं वजन. मिनीत पुढे, ९११ मध्ये मागे. ९११ चं साधारण ६० टक्के वजन मागच्या चाकांवर असतं, आणि त्या वजनाने टायर बर्फात दाबला जातो. याउलट इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, अशी मस्टँगसारखी गाडी बर्फाच्या चढावर सर्वांत आधी शेपूट फिरवते.

मग आली ऑडी क्वाट्रो. १९७७ च्या हिवाळ्यात फिनलंडमध्ये चाचण्या सुरू असताना फोक्सवॅगनची कमी ताकदीची लष्करी जीप, इल्टिस, बर्फात ताकदवान गाड्यांना मागे टाकतेय हे ऑडीच्या इंजिनिअरांनी पाहिलं. त्यातून चारही चाकांना ताकद देणाऱ्या वेगवान कारची कल्पना पुढे आली. १९८० मध्ये जिनिव्हात क्वाट्रो जगासमोर आली, आणि १९८४ च्या मॉन्टे कार्लोत पहिले तिन्ही नंबर तिने घेतले.

फेरारीला हे करायला २०११ उजाडलं. एफएफ ही तिची पहिली फोर व्हील ड्राइव्ह उत्पादन गाडी. ती बर्फात चालते हे दाखवायला कंपनीने तिला इटलीतल्या प्लान दे कोरोनेस शिखरावर नेलं. कसं? हेलिकॉप्टरला लटकवून! वर नेऊन बर्फात चालवली, पण वर गेली हवेतूनच.

अलीकडे उंच केलेल्या स्पोर्ट्स कारही आल्या. २०२२ मध्ये दाखवलेली पोर्शे ९११ डाकार १६१ मिलिमीटर उंच आहे आणि बटण दाबल्यावर आणखी ३० मिलिमीटर वर उठते. लॅम्बोर्गिनीची स्टेराटो १७१ मिलिमीटर. म्हणजे कोट्यवधी रुपये मोजून, बटण न दाबता जे मिळतं ते साधारण आपल्या मारुती स्विफ्टच्या उंचीचं असतं.

ही उंची महत्त्वाची आहे. नेहमीची स्पोर्ट्स कार जमिनीपासून १०० ते १३० मिलिमीटरवर असते. पाच-सहा इंच ताजा बर्फ पडला की तिचा पुढचा बंपर बर्फ ढकलणाऱ्या फावड्याचं काम करायला लागतो. थोड्या अंतराने बर्फ पोटाखाली दाबला जातो, गाडी त्यावर टेकते, आणि चाकं हवेत गरगरत राहतात. चेन लावावी तर चाक आणि मडगार्डमध्ये बोटभरही जागा नसते. अनेक स्पोर्ट्स कारच्या मॅन्युअलमध्ये ठरावीक मापाच्या अरुंद टायरशिवाय चेन लावायला स्पष्ट मनाई आहे. मनालीत रस्त्याकडेला भाड्याने मिळणारी चेन अशा चाकावर चढवली, तर ती ब्रेकची नळी किंवा सस्पेन्शन तोडू शकते.

मनालीत नेमकं काय होतं

३ ऑक्टोबर २०२० ला अटल टनेल सुरू झाला आणि चित्र बदललं. ९.०२ किलोमीटरचा, दहा हजार फुटांवरचा हा बोगदा ३,९७८ मीटर उंचीच्या रोहतांगच्या पोटातून जातो. मनाली-लेह अंतर त्याने ४६ किलोमीटरने कमी केलं. आधी हिवाळ्यात लाहौल खोरं उर्वरित जगापासून तुटायचं. बोगद्यामुळे तिथल्या लोकांना हिवाळ्यात दवाखाना गाठता येऊ लागला, तो मुळात त्यांच्यासाठी आणि लष्करासाठी आहे. पण त्याच रस्त्याने आता पर्यटकही भर हिवाळ्यात सिस्सूपर्यंत पोहोचतात.

बोगदा आतून कोरडा असतो. अडचण आहे ती मनाली, पलचान, सोलंग, धुंदी ते बोगद्याच्या तोंडापर्यंतच्या साधारण २५ किलोमीटरची. तिथे चढ आहे, वळणं आहेत, देवदारांची सावली आहे. आणि दुपारी दोनला सिस्सूत ऊन पडलेलं असतं तेव्हा धुंदीत बर्फ सुरू झालेला असू शकतो, कारण बोगद्याच्या दोन तोंडांचं हवामान वेगळं असतं.

डिसेंबर २०२४ मध्ये हेच झालं. नाताळच्या तोंडावर अचानक बर्फ पडला आणि सोलंग ते अटल टनेलदरम्यान सुमारे हजार गाड्या अडकल्या. पोलिसांनी रात्रभर राबून शेकडो पर्यटकांना बाहेर काढलं. चारच दिवसांनी सोलंगला पुन्हा तसंच, तेव्हा तर हजारो माणसं अडकली होती. त्याआधी २०२३ च्या नाताळात ट्रॅफिकला कंटाळून एकाने थार सरळ चंद्रा नदीत घातली आणि पाण्यातून नेली. व्हिडिओ व्हायरल झाला, लाहौल-स्पीती पोलिसांनी चलन फाडलं.

बर्फ पडला की पोलीस नेहरू कुंड किंवा सोलंगला गाड्या अडवतात आणि पुढे फक्त फोर बाय फोर सोडतात. लोक हुज्जत घालतात, "आम्ही एवढ्या लांबून आलोय" म्हणतात. स्पोर्ट्स कारने आलेल्यांचा प्रवास अशा दिवशी इथेच संपतो.

अडकलात तर जीव कशाने जातो

या विषयातला हा सर्वांत गंभीर भाग, आणि रील्समध्ये तो कधीच नसतो.

जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात इस्लामाबादजवळच्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फ बघायला प्रचंड गर्दी झाली. ७ तारखेच्या रात्री जोरदार बर्फवृष्टी झाली, रस्ता बंद पडला आणि गाड्या होत्या तिथेच गाडल्या गेल्या. सकाळी त्या गाड्यांमध्ये किमान २२ जण मृतावस्थेत सापडले. त्यात लहान मुलं होती. काही थंडीने गेले, तर काहींच्या मृत्यूमागे कार्बन मोनॉक्साइड असल्याचं सांगितलं गेलं.

होतं असं. थंडी वाजते म्हणून काचा बंद करून इंजिन आणि हीटर चालू ठेवला जातो. बाहेर बर्फ साचत जातो आणि सायलेन्सरचं तोंड बुजतं. मग धूर गाडीखाली साठतो आणि फटींतून आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. आधी डोकं जड होतं, मग झोप येते. लोकांना वाटतं प्रवासाचा शीण आहे.

स्पोर्ट्स कारचा सायलेन्सर जमिनीच्या अगदी जवळ असतो. फूटभर बर्फ त्याला बुजवायला पुरतो.

त्यामुळे अडकल्यावर इंजिन सलग चालू ठेवायचं नाही. तासाला दहा मिनिटं पुरे, आणि तेही दर वेळी खाली उतरून सायलेन्सरमागचा बर्फ हाताने काढल्यावरच. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवायची. बर्फ जोरात पडत असेल तर गाडी सोडून अंधारात चालत निघायचं नाही, कारण शोधणाऱ्यांना गाडी लवकर सापडते, माणूस नाही. म्हणून डिकीत जाड पांघरुणं, पाणी, सुका खाऊ, टॉर्च आणि एक छोटं फावडं असलं पाहिजे. स्पोर्ट्स कारच्या डिकीत हे सगळं मावतं का, हा प्रश्न निघण्याआधीच घरी सोडवलेला बरा.

तरीही जायचंच असेल तर

रेडिएटरमध्ये साधं पाणी आहे का बघा. आपल्याकडे मेकॅनिक सर्रास पाणी टाकतात आणि महाराष्ट्रात ते चालूनही जातं. पण पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, आणि त्या जोराने रेडिएटर किंवा इंजिनचा ब्लॉकही फुटू शकतो. योग्य प्रमाणातलं कूलंट घालूनच निघा. काच धुवायच्या टाकीतलं पाणीही बदला, नाहीतर ते काचेवर पडताच गोठेल आणि समोरचं काही दिसणार नाही. बॅटरी जुनी असेल तर थंडीत ती सकाळी दगा देते.

टायरची हवा मनालीला पोहोचल्यावर, सकाळी गाडी थंड असताना तपासा. थंडीने प्रेशर कमी होतं, उंचीवर मीटर थोडं जास्त दाखवतो, त्यामुळे पुण्यात भरलेल्या आकड्यावर विसंबता येत नाही.

रात्री हँडब्रेक ओढून गाडी लावू नका, तो गोठून जाम होऊ शकतो. गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, वायपर काचेपासून उचलून ठेवा. नव्या स्पोर्ट्स कारमध्ये हँडब्रेक बटणाचा आणि आपोआप लागणारा असतो, तो बंद कसा करायचा हे मॅन्युअलमध्ये आधी वाचून ठेवा.

चालवताना स्नो किंवा वेट मोड असेल तर तो लावा आणि ट्रॅक्शन कंट्रोल चालू राहू द्या. दुसऱ्या गिअरमध्ये हळू निघा. उतारावर ब्रेकपेक्षा गिअरवर वेग धरा. ब्रेक मारायचाच तर वळणाआधी, चाकं सरळ असताना. पेडल पायाखाली थरथरलं तर घाबरून पाय काढू नका, ते एबीएसचं काम आहे. दहा हजार फुटांवर हवा विरळ असल्याने साध्या पेट्रोल इंजिनची जवळपास तीस टक्के ताकद कमी होते. बर्फात हे वरदानच म्हणायचं.

सकाळी दहाच्या आधी आणि दुपारी चारनंतर सोलंगच्या पुढे थांबू नका. दुपारी ढग भरून आले, तर सिस्सूचा राहिलेला फोटो सोडून द्या आणि बोगद्यातून परत फिरा.

स्पोर्ट्स कारवाल्यांसाठी शहाणपणाचा मार्ग सोपा आहे. गाडी मनालीत हॉटेलच्या पार्किंगमध्ये लावायची आणि पुढे स्थानिक फोर बाय फोर टॅक्सी करायची. त्या ड्रायव्हरला कोणत्या वळणावर सावली असते आणि कुठे झऱ्याचं पाणी रस्त्यावर येऊन गोठतं, हे पाठ असतं. आणि घाटात स्वतःच चालवायची हौस असेल तर बर्फ वितळल्यावर किंवा पहिला बर्फ पडण्याआधी, सप्टेंबरच्या शेवटी-ऑक्टोबरमध्ये जा. तेव्हा रोहतांगचा जुना घाटरस्ता उघडा असतो. त्यासाठी मात्र ऑनलाइन परमिट लागतं, आणि दिवसाला पेट्रोलच्या ८०० आणि डिझेलच्या ४०० गाड्यांचीच मर्यादा ठरवलेली आहे.